पाडव्याला तिचं काही ठरत नसे

विदर्भातल्या खेड्यात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. जुना हिशेब मिटतो, नव्या सालाचा आकडा ठरतो, इसार म्हणजे ठरल्याची आगाऊ रक्कम हातावर पडते. रोख किती, ज्वारी किंवा धान किती पोती, कपडा-चपला कोणी द्यायच्या, उचल कशी फेडायची, हे सगळं चार माणसांदेखत बोललं जातं. कागद क्वचितच होतो, पण बोलणं झालेलं असतं. याच सालदाराची बायको पहाटे त्याच मालकाच्या वाड्यात सडा टाकायला, गोठ्यातलं शेण काढायला, दुपारी धान्य निवडायला आणि सणावाराला भांड्यांचा ढीग घासायला जात असे. तिचं पाडव्याला काही ठरत नसे. नवऱ्याच्या सालात ती धरलेलीच असे.

घरकामाला नव्याने लागणाऱ्या बाईची तयारी म्हटलं की आज कौशल्य, प्रशिक्षण, प्रमाणपत्र हे शब्द पुढे येतात. तिला गॅस, मिक्सर, वॉशिंग मशीन शिकवलं की ती तयार झाली, असा सरसकट समज आहे. इथला मागचा काळ पाहिला तर वेगळं दिसतं. काम या बायांना येतच होतं, त्यांच्या आयांनाही येत होतं. राहून गेलं ते पाडव्याचं बोलणं.

जुनी घडी समजून घ्यायला विदर्भाचे दोन भाग वेगळे धरावे लागतात. वऱ्हाड निजामाचं होतं. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभाराखाली आलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरे, आणि गावात पाटील-देशमुखांचा दबदबा. पूर्वेकडे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागात भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर मालगुजारी रुजली. मालगुजार म्हणजे साराही वसूल करणारा आणि गावाचा मालकही. गावात सगळ्यांत मोठं घर त्याचं, आणि त्या घराला रोज माणसं लागत.

वाड्यातलं काम पिकाप्रमाणे बदलायचं. पूर्वेच्या धानपट्ट्यात उखळ-मुसळाचं कांडण मुख्य, तर वऱ्हाडात ज्वारीचं दळण. एका जात्यावर दोन बाया समोरासमोर बसल्या की पहाटेच्या पायल्या संपत. सारवण सगळीकडेच होतं. शेणात माती किती मिसळायची, पाणी किती, हात कोणत्या दिशेने फिरवायचा, काल पाऊस झाला असेल तर मिश्रण कसं घट्ट करायचं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल की त्यात अंगात मुरलेलं ज्ञान होतं. तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि राखुंडीने घासायची, पण लोणच्याच्या बरणीला राख लागू द्यायची नाही. कणगीतलं धान्य कोणत्या महिन्यात उन्हात घालायचं, कडुनिंबाचा पाला कधी टाकायचा. मालकिणीला हे ठाऊक असे, आणि पुष्कळदा तिच्याहून अधिक त्या कामाच्या बाईला.

शिकवायचं कोण? आई नाहीतर सासू. आठ-दहा वर्षांची पोर आईच्या पदराला धरून वाड्यात जायची, आधी लहान भावाला सांभाळत बसायची, मग गडवा म्हणजे तांब्या विसळायची, मग फडा म्हणजे झाडू हातात यायचा. शाळा हीच. पण त्या पोरीचा पहिला धडा कामाचा नसे, उंबरठ्याचा असे. ढिवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या जातीच्या, हातचं पाणी चालत असल्यामुळे त्या घरच्या बाया विहिरीवरून पाणी भरत, स्वयंपाकघराजवळची भांडी घासत. कपडे वरठ्याकडे, म्हणजे धोब्याकडे जात. महार घरच्या बाईचं काम अंगणात, गोठ्यात, खळ्यात. ओसरीच्या आत पाऊल नाही, भाकर वरून टाकलेली, पाणी वरून ओतलेलं. कुठे उभं राहायचं, काय शिवायचं नाही, मालकीण बोलत असताना नजर कुठे ठेवायची, हे सारवणाच्याही आधी शिकावं लागे. घरकामाच्या तयारीचा इतिहास सांगताना ही बाजू गाळणं खोटेपणाचं होईल. आजही कित्येक घरांत कामाच्या बाईचा कप वेगळा असतो आणि तो कुठे ठेवायचा हे तिला पहिल्याच दिवशी दाखवलं जातं.

या घडीवर विदर्भातूनच दोन मोठे आघात झाले. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. आश्रमात स्वयंपाक, दळण, झाडलोट, संडाससफाई आश्रमवासी स्वतः करत. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची पद्धत, उभी राहिली. तिथे सफाई आणि रसोई हे शिक्षणाचेच भाग होते. घरकाम हा विद्येचा विषय आहे आणि मुलग्यांनीही तो शिकायचा आहे, असं शाळेत मांडलं गेलं ते इथे, कापसाच्या काळ्या मातीत. ते वर्ध्याच्या पंचक्रोशीबाहेर घराघरात पोचलं नाही, याची हळहळ मला वाटते.

दुसरा आघात जास्त खोल गेला. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित वर्गाच्या महिलांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेबांनी त्या बायांना मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि स्वाभिमानाने जगण्याबद्दल सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गावोगावच्या लोकांनी महारकीची कामं टाकून दिली. मेलेली ढोरं ओढणं थांबलं, शिळं मागणं थांबलं. शेतात मजुरीला जाऊ, पण वाड्यात पिढीजात म्हणून राबणार नाही, अशी ती भूमिका होती. घरकाम आणि चाकरी यांत फरक आहे, हे विदर्भाच्या खेड्याने पहिल्यांदा त्या नकारातून ऐकलं.

दरम्यान कायदाही बदलत होता. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली. पण वाड्याचं वजन खरं कमी केलं ते चक्कीने आणि राइस मिलने. गोंदियाकडे धानाच्या गिरण्या वाढल्या, गावात पिठाची चक्की आली, आणि कांडण-दळणाची बाईची मजुरी बुडाली. मनगटं सुटली हे खरं, पण त्या दोन पायल्यांवर चूल पेटणारी घरंही होती.

मग १९७२ चा दुष्काळ आला आणि रोजगार हमीची कामं निघाली. पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. रस्त्यावर गिट्टी फोडणं हे काही सुखाचं काम नव्हतं. पण हजेरीपटावर बाईचं स्वतःचं नाव होतं. नवऱ्याच्या नावाखाली नाही, त्याच्या सालात धरून नाही. पुरुषाइतकाच दर, कामावर पिण्याचं पाणी, लेकरांसाठी सावली, या गोष्टी नियमात होत्या, भले प्रत्यक्षात सगळीकडे मिळत नसतील. घरकामात असं काही नव्हतं, आणि ही तुलना बायांनी तेव्हाच मनात केली असणार.

ऐंशीच्या दशकापासून घरकामाचं केंद्र वाड्यातून तालुक्याच्या गावी सरकलं. शिक्षक, बँकेतले, पंचायत समितीतले, डॉक्टर, व्यापारी यांची घरं वाढली. आर्वी, पुसद, वणी, ब्रह्मपुरी अशा गावांच्या कडेच्या खेड्यांतून बाया चालत किंवा ऑटोने येऊ लागल्या. एका वाड्याऐवजी चार-पाच घरं झाली, धान्याऐवजी महिन्याचा पगार आला. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने विदर्भ मोलकरीण संघटनेने काम केलं. मागण्या साध्या होत्या: आठवड्याची सुट्टी, दिवाळीला बोनस, वर्षाला वाढ, आजारपणात पगार न कापणं. म्हणजे सालदाराला पाडव्याला जे मिळत होतं तेच, बोलून ठरवलेलं.

या रेट्यातून महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ झाला. १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. अपघातात मदत, मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, बाळंतपणाचा लाभ, वैद्यकीय खर्च, अंत्यविधीचा खर्च, अशा गोष्टी त्यात आहेत. कायदा होणं मोठं पाऊल होतं, यात शंका नाही. पण तो कल्याणाचा कायदा आहे. पगार किती, तास किती, सुट्टी कोणती, हे तो ठरवत नाही. शिवाय नोंदणीसाठी कामगार कार्यालय गाठायचं, ते जिल्ह्याच्या ठिकाणी. खेड्यातल्या बाईचा त्यात दिवस जातो आणि दिवसाची मजुरीही. ज्या घरी काम करते तिथला दाखला मागायला ती कचरते, कारण 'कागद कशाला पाहिजे?' या प्रश्नाला कामावरून काढण्याची किनार असते.

आणखी दोन तारखा इथे महत्त्वाच्या आहेत. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली. आईच्या पदराला धरून शिकण्याची जुनी शाळा त्या दिवशी कायद्याने बंद झाली, आणि व्हायलाच हवी होती. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याने राहतं घर हेही कामाचं ठिकाण मानलं. घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. नव्या बाईला फरशी पुसायला शिकवणारे पुष्कळ आहेत. ही समिती आहे असं तिला सांगणारं कोणी मला तरी क्वचित भेटलं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत कामाला लागणाऱ्या बायांचीही तऱ्हा बदलली. कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते कुठवर पोचलं हा वेगळा विषय. पण ज्या घरात कर्ता गेला तिथली बाई, जिने आयुष्यात दुसऱ्याच्या घरची भांडी घासली नव्हती, तीही तालुक्याला काम शोधू लागली. कालपर्यंत तिच्याच शेतात चार बाया निंदायला यायच्या. अशा बाईला उभं करायचं तर कामाआधी मनाची तयारी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

कौशल्य विकासाच्या सरकारी चौकटीत घरकामासाठी स्वतंत्र क्षेत्र परिषद झाली, अभ्यासक्रम बनले: सर्वसाधारण घरकाम, स्वयंपाक, मूल सांभाळणं, वृद्धांची देखभाल. त्यात चांगलं पुष्कळ आहे. पण डोळ्यांसमोर घर आहे ते महानगरातल्या फ्लॅटचं. विदर्भाच्या तालुक्यातलं घर वेगळं. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि प्रत्येक खिडकीला कूलर असतो. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक बसून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि पाणी भरण्याचं काम बहुतेक घरी कामाच्या बाईकडे असतं. स्विच बंद करून पिन काढल्याशिवाय टपाला हात लावायचा नाही, पायात कोरडी चप्पल हवी, हे तिला पहिल्या दिवशी सांगायला हवं. संडासात टाकायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो, हेही तसंच. ज्वारीची भाकर तिला तुम्ही शिकवू नका. गॅसची नळी कधी बदलायची ते दाखवा.

शब्दांचीही अडचण होते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, शेंगदाण्याला फल्लीदाणे, बटाट्याला आलू, उलथण्याला सराटा. मुलाच्या घरी पुण्याला सोबत नेलेल्या बाईला 'सांबार कर' म्हटलं आणि तिने जुडी निवडून ठेवली, तर चूक कोणाची? तिला अडाणी म्हणण्यापूर्वी घराने तिची भाषा दोन दिवस ऐकावी.

तंटा सर्वांत जास्त होतो तो वेचणीच्या दिवसांत. दसरा-दिवाळीला कापूस फुटतो, वेचणी किलोवर असते, आणि चपळ हाताची बाई महिन्याच्या पगाराच्या तुलनेत थोड्याच दिवसांत बरंच कमावते. ती भांड्याला येत नाही. मालकीण म्हणते बाई भरवशाची नाही. बाईच्या दृष्टीने हंगाम चुकवणं म्हणजे वर्षाचं कर्ज अंगावर ठेवणं. दोघींचंही खरं आहे, आणि हे कामाला लागतानाच बोललं तर सुटतं: वेचणीचे अमुक दिवस ती सकाळी येणार नाही, संध्याकाळी एकदा येईल, पगार इतका कापला जाईल किंवा कापला जाणार नाही.

आता गावातही नवं काम निघालं आहे. मुलं पुण्या-मुंबईला, घरात दोघं म्हातारे. त्यांना सकाळी गोळ्या द्यायच्या, शुगर तपासायला न्यायचं, रात्री सोबत झोपायचं. या कामाला अजून गावात नाव नाही, दरही नाही. पुष्कळदा नात्यातलीच किंवा शेजारची बाई असते, काकू म्हणते, आणि काकूकडे पैशाचं बोलणं तिला जड जातं. एका घरी मी ऐकलं तेव्हा मात्र ती दारातच थांबली होती. हातात पिशवी, चप्पल अजून पायात.

"काकू, काम सांगान ते करतो मी. पण सुट्टीचं आन् रात्रीचं आताच बोलून घ्या."

म्हातारीने तिला आत बोलावलं, बसायला पाट दिला, आणि कॅलेंडर उतरवून आणलं.