पार्श्वभूमी : एसएसडीवरचा डेटा पुसणे आणि किल्लीचा वाद

जुना लॅपटॉप विकण्याआधी डिस्कवर तीन वेळा, सात वेळा शून्ये लिहून घ्या, हा सल्ला अजून सर्रास मिळतो. तो फिरत्या तबकड्यांच्या काळातला. अमेरिकेच्या संरक्षण कंत्राटदारांसाठीच्या १९९५ च्या नियमपुस्तिकेत तीन फेऱ्यांची पद्धत होती. १९९६ मध्ये एका संशोधकाने ३५ फेऱ्यांची यादी मांडली. त्या फेऱ्या तेव्हाच्या निरनिराळ्या जातींच्या हार्ड डिस्कसाठी होत्या. एकाच डिस्कवर सगळ्या चालवण्यात अर्थ नव्हता, आणि लोक याला मंतरतंतर समजू लागले आहेत, असे पुढे त्यानेच लिहिले. पण डेटा पुसण्याची सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना आकडा मिळाला होता. मोठा आकडा विकायला बरा पडतो.

फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या एसएसडीवर मात्र हा हिशेब मुळातच लागू पडत नाही. तिथे डेटा पेज नावाच्या छोट्या कप्प्यांत लिहिला जातो, आणि भरलेल्या पेजवर तिथल्या तिथे पुन्हा लिहिता येत नाही. त्याआधी अख्खा ब्लॉक, म्हणजे अशा अनेक पेजेसचा गठ्ठा, पुसावा लागतो, आणि दर पुसण्याने ब्लॉक झिजतो. त्यामुळे ड्राइव्हचे काम चालवणारा कंट्रोलर नवा मजकूर भलत्याच पेजवर लिहितो आणि जुने पेज बाद झाल्याची नुसती नोंद करतो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमला कधीच न दिसणारी राखीव जागा असते ती वेगळीच. २००९ च्या सुमारास आलेल्या ट्रिम या आदेशामुळे कोणती पेजेस नकोशी झाली हे ड्राइव्हला कळू लागले, पण ती प्रत्यक्ष कधी पुसायची हे ड्राइव्हच ठरवतो.

याचा पुरावा २०११ मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठातील संशोधकांनी एसएसडी उघडून फ्लॅश चिपमधला कच्चा मजकूर थेट वाचला. एकेक फाइल ‘सुरक्षितपणे’ खोडणाऱ्या सगळ्या पद्धती नापास झाल्या; सॅटा जोडणीच्या एसएसडींवर त्या फाइलींचा ४ ते ७५ टक्के भाग शिल्लक होता. सगळा ड्राइव्ह पुसण्यासाठी ड्राइव्हमध्येच असलेला सिक्युअर इरेजचा आदेशही बेभरवशाचा निघाला. एका ड्राइव्हने ‘पुसले’ असे कळवले, आणि डेटा जसाच्या तसा. मॅकवरचा कचरापेटी सुरक्षितपणे रिकामी करण्याचा पर्याय २०१५ मध्ये काढून टाकला गेला, तोही फ्लॅशवर तशी हमी देता येत नाही म्हणूनच. (सिक्युअर इरेजचा आदेश लॅपटॉपवर चालवणे हीही एक कसरत होती. एखाद्या व्हायरसने ड्राइव्हला पासवर्ड लावू नये म्हणून बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारे सॉफ्टवेअर, सुरुवातीलाच हा आदेश गोठवून ठेवी. मग लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करायचा, की गाठ सुटायची.)

खरा वाद २०१४ चा. डेटा पुसण्याविषयीच्या अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांच्या त्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत, ड्राइव्हवरचा सगळा डेटा आधीपासून एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा सांकेतिक केलेला असेल तर केवळ किल्ली नष्ट करणे हेही पुसणेच, असे मान्य झाले. तेही वरवरच्या पुसण्यात नव्हे, तर प्रयोगशाळेतल्या साधनांनीही डेटा परत मिळू नये अशा वरच्या श्रेणीत. तिजोरी तशीच ठेवून किल्ली वितळवायची, असा हा प्रकार. सोय उघड होती: तासांचे काम क्षणात उरकते आणि ड्राइव्ह झिजतही नाही. पण सगळा भार एकाच गोष्टीवर आला, एन्क्रिप्शन खरोखर नीट झाले आहे का. ते पाहणार कोण? २०११ च्या तपासणीतही आपणहून एन्क्रिप्ट करणारा एक ड्राइव्ह होता, आणि नेमके त्याच्याबाबत पुसले गेले की नाही हे पडताळता आले नव्हते.

सूचनांमध्ये अटी होत्या. एन्क्रिप्शन सुरू होण्याआधीच संवेदनशील डेटा ड्राइव्हवर गेला असेल तर ही पद्धत वापरू नये. किल्लीची प्रत आणखी कुठे ठेवलेली असेल आणि तिच्याविषयी पक्की खात्री नसेल, तरी विसंबू नये. मान्यता सगळ्यांच्या लक्षात राहिली, अटी मागे पडल्या.

२०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नामांकित कंपन्यांचे, आपणहून एन्क्रिप्ट करणारे ड्राइव्ह तपासले. त्यांतल्या काहींमध्ये वापरकर्त्याचा पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार केला की पासवर्डाशिवाय डेटा उघडत होता. विंडोजमधले एन्क्रिप्शनचे साधन बिटलॉकर तोवर अशा ड्राइव्हवर विसंबून स्वतः एन्क्रिप्शन करत नसे. २०१९ मध्ये ते धोरण बदलले आणि नव्याने एन्क्रिप्ट होणाऱ्या ड्राइव्हचे काम सॉफ्टवेअरकडे आले. २०१४ च्या मान्यतेत निर्मात्याच्या शब्दाला जरा जास्तच वजन दिले गेले होते, हे तेव्हा दिसले.

दरम्यान एनव्हीएमई या एसएसडी जोडणीच्या मानकाच्या २०१७ मधल्या आवृत्तीत सॅनिटाइझ हा वेगळा आदेश आला. तो राखीव जागेसह सगळा ड्राइव्ह पुसतो आणि मध्ये वीज गेली तरी परत आल्यावर काम पूर्ण करतो. ब्लॉक पुसणे, वरून लिहिणे आणि किल्ली बदलणे असे तीन मार्ग त्यात आहेत. कोणते द्यायचे हे निर्मात्यावर सोडले आहे.

२०२४ पासून विंडोज ११ नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केले की एन्क्रिप्शन बहुतेक लॅपटॉपवर आपोआप सुरू होते. रिकव्हरी की, म्हणजे ड्राइव्ह उघडायची पर्यायी किल्ली, त्या खात्यात ऑनलाइन जमा होते. म्हणजे लॅपटॉप विकला, ड्राइव्हवरची किल्ली खोडली, तरी ही रिकव्हरी की खात्यात असतेच, आणि ड्राइव्हवरची जी नोंद तिने उघडते तिची जुनी प्रत एखाद्या बाद पेजवर उरली आहे का, हे बाहेरून सांगता येत नाही.