रिंकू सिंह मेजर लीगमध्ये खेळला नाही, तरीही…

‘मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग) खेळलेला पहिला भारतीय’ असं म्हणत रिंकू सिंहचा फोटो वर्षानुवर्षं फिरतोय. हे खरं नाही. (हा आयपीएलमधला रिंकू नव्हे. हा उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला, मूळचा भालाफेकपटू.)

2008 मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या, बेसबॉलसाठी चेंडू फेकणारे शोधणाऱ्या रिॲलिटी शोमध्ये हजारो मुलांतून तो पहिला आला. बक्षीस दहा लाख डॉलरचं नव्हे, एक लाख डॉलरचं मिळालं. त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या क्लबने त्याला आणि त्याच शोमधल्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं. गैरसमजाचं मूळ इथेच आहे. क्लब मेजर लीगचा असला, तरी नवे खेळाडू त्याच्या मायनर लीग संघांत जातात आणि एकेक पायरी चढत वर येतात. बहुतेकांना शेवटची पायरी गाठताच येत नाही.

दिनेश 2010 च्या अखेरीस बाहेर पडला. रिंकू टिकला. 2009 मध्ये तो रुकी या सगळ्यात खालच्या पातळीवर होता, 2012 मध्ये त्याहून वरच्या सिंगल-ए पातळीवरच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघाकडून खेळला. मेजर लीग तिथूनही बरीच दूर होती. मग दुखापती झाल्या, कोपरावर शस्त्रक्रिया झाली. 2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्तीच्या शोमध्ये गेला. तिथे ‘वीर महान’ नावाने लढलेला तो हाच.

ज्याने त्या शोआधी बेसबॉल हातातही धरला नव्हता, तो पुढच्याच वर्षी अमेरिकेत व्यावसायिक सामने खेळू लागला. मला तरी हेच जास्त थक्क करणारं वाटतं. खोटा किताब चिकटवला की ही खरी मेहनतच झाकली जाते.