सेकंदाचा चोविसावा भाग

अनेकदा पाहिलेला एखादा जुना कृष्णधवल चित्रपट नव्या, मोठ्या टीव्हीवर लावावा आणि पाचच मिनिटांत काहीतरी बिनसल्यासारखे वाटू लागावे, हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. मला तो आला तेव्हा मी आधी दोष स्वतःच्या वयाला दिला. चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ होते, चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसत होती, आणि तरीही जिना उतरणारा नायक काही केल्या नायक वाटेना. रंगभूषा केलेला कोणी नट सेटवरच्या लाकडी पायऱ्या उतरतो आहे, एवढेच दिसत राहिले. हालचाल तेल लावल्यासारखी गुळगुळीत झाली होती. पुढे उलगडा झाला तो असा, की त्या जिन्यावर मला दिसलेल्या प्रतिमांपैकी निम्म्याहून अधिक प्रतिमा मुळात कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेल्याच नव्हत्या. त्या टीव्हीने जागच्या जागी रचल्या होत्या.

चित्रपटाचा एक सेकंद २४ स्थिर प्रतिमांचा असतो. हा आकडा डोळ्याच्या अभ्यासातून आलेला नाही, तो कानामुळे आला. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालवला जाई, त्यामुळे सेकंदाला १६ प्रतिमांपासून २० किंवा त्याहून अधिक असा कोणताही वेग चालून जाई. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि ध्वनी त्याच फिल्मच्या कडेला छापला जाऊ लागला. फिल्मचा वेग किंचित हलला तरी आवाज चढतो किंवा उतरतो, आणि अशा बाबतीत कान डोळ्याइतका सोशिक नाही. तेव्हा एकच ठाम वेग ठरवणे भाग पडले. तो फार ठेवावा तर फिल्मचा खर्च वाढे, कमी ठेवावा तर आवाज खराब होई. तडजोड २४ वर झाली. ३५ मिलीमीटर फिल्मच्या एका फुटात १६ प्रतिमा बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म लागते आणि दोन तासांच्या चित्रपटाची पट्टी तीन किलोमीटरहून लांब भरते. मूकपट पुढे या नव्या वेगाने दाखवले गेले आणि त्यांतली माणसे तुरुतुरु पळू लागली. त्या काळचे लोक तसे चालत नसत, हे सांगायला नको.

या २४ स्थिर प्रतिमांची हालचाल कशी होते, याचे उत्तर शाळेत ‘दृष्टिसातत्य’ या एका शब्दात मिळते. ते उत्तर अपुरे आहे. आधीची प्रतिमा डोळ्यात नुसती रेंगाळत राहिली असती तर प्रतिमांवर प्रतिमा चढून गिचमीड झाली असती, हालचाल दिसली नसती. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शेजारशेजारच्या दोन रेघा ठरावीक अंतराने आळीपाळीने दाखवल्या, तेव्हा पाहणाऱ्यांना एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसली. हालचाल मेंदू घडवतो आणि त्यासाठी त्याला २४ प्रतिमा पुरतात. प्रकाशाची लुकलुक जाणवू नये यासाठी मात्र २४ हा आकडा फारच तोकडा आहे. म्हणून प्रोजेक्टरची फिरती झडप प्रत्येक प्रतिमेच्या काळात प्रकाश दोनदा किंवा तीनदा उघडझाप करते, म्हणजे पडदा सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा उजळतो. फिल्मवरचा चित्रपट पाहताना प्रेक्षक बराच वेळ चक्क काळ्या पडद्यासमोर बसलेले असत आणि त्याची त्यांना गंधवार्ता नसे.

घरच्या सपाट पडद्यावर हा अंधार नसतो. तिथे एक प्रतिमा पुढची येईपर्यंत सलग उजळलेली राहते. हलणाऱ्या वस्तूमागे आपली नजर अखंड सरकत असते, पडद्यावरची वस्तू मात्र सेकंदाच्या चोविसाव्या भागापर्यंत एकाच जागी थबकून मग टुणकन पुढे जाते, त्यामुळे तिची कड दृष्टिपटलावर फरफटल्यासारखी पसरते. कॅमेरा आडवा फिरू लागला की हा अडखळलेपणा विशेष खुपतो. त्यात आणखी एक हिशेबाची अडचण आहे. सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर २४ प्रतिमा समान वाटता येत नाहीत, कारण ६० भागिले २४ म्हणजे अडीच. मग एक प्रतिमा दोन वेळा आणि पुढची तीन वेळा दाखवून वेळ भागवली जाते. १२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्याला प्रत्येक प्रतिमा पाच वेळा दाखवता येते आणि हा प्रश्न मिटतो. जिथे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सेकंदाला २५ प्रतिमांचे होते, तिथे तर सरळ चित्रपटच थोडा वेगाने चालवत. अशा प्रक्षेपणात दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत आटपे, आणि आवाजाची दुरुस्ती केली नाही तर प्रत्येक गायक ‘सा’ ते ‘कोमल रे’ या अंतराच्या जवळजवळ पाऊणपट वर गाई. लहानपणी टीव्हीवर ऐकलेले गाणे पुढे चित्रपटगृहात किंचित उतरल्यासारखे वाटले असेल, तर त्यात कानाची चूक असेलच असे नाही.

अडखळण्यावरचा इलाज म्हणून टीव्हीच्या कंपन्यांनी हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणली. टीव्ही लागोपाठच्या दोन प्रतिमांचे छोटे छोटे तुकडे पाडतो, कोणता तुकडा कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधतो आणि मधल्या क्षणाची प्रतिमा स्वतः काढतो. हे कौशल्य थक्क करणारे आहे, पण त्याची फजिती पाहायची असेल तर कठड्यामागून चालणाऱ्या माणसाचे दृश्य लावून पाहावे. कठड्याचा एक गज आणि शेजारचा गज यांत टीव्हीला फरक कळत नाही, त्यामुळे माणसाच्या कडेला पाण्यासारखी थरथरती प्रभा दिसते आणि एखादा गज क्षणभर विरघळून परत येतो. क्रिकेटच्या सामन्याला असा गुळगुळीतपणा शोभतो, कारण तो मुळात सेकंदाला ५० किंवा ६० प्रतिमांनी टिपलेला असतो. बातम्या आणि मालिकाही आपण वर्षानुवर्षे तशाच गुळगुळीत पाहिल्या आहेत. म्हणूनच गुळगुळीत हालचाल दिसली की मन ‘हे स्टुडिओतले आहे’ असे ठरवून मोकळे होते. ही सवय आहे, निसर्गनियम नव्हे. तरीही चित्रपट पाहताना ती सोय बंद ठेवावी, असेच माझे मत आहे. दर कंपनी तिला निराळे भारदस्त नाव देते, त्यामुळे ती सेटिंगमध्ये शोधावी लागते. २०१९ मध्ये जाहीर झालेली ‘फिल्ममेकर मोड’ ही सोय टीव्हीवर असेल तर तेवढी एक कळ पुरते.

पडद्याच्या आकाराचे कोडे याहून सोपे आहे. जुन्या चित्रपटांची चौकट साधारण चारास तीन या प्रमाणाची. १९५३ पासून सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीमुळे ती उंचीच्या अडीचपट रुंद होऊ लागली. टीव्हीचे सोळास नऊ हे प्रमाण या दोन टोकांच्या जवळपास मधोमध पडते. परिणाम असा, की जुना चित्रपट लावला तर डावी-उजवीकडे काळे पट्टे येतात, रुंद चित्रपट लावला तर वर-खाली येतात, आणि दोन्ही वेळा पडद्याचा सुमारे पाव भाग वाया जातो. तो वाया जाऊ द्यावा. जुने चित्र ताणून पडदा भरला की चेहरे फुगतात, आणि वाढवून भरला की कपाळे कापली जातात.

चित्राच्या पोताचे प्रकरण अधिक नाजूक आहे. फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या संयुगांच्या बारीक स्फटिकांतून उमटते आणि त्यांची मांडणी दर प्रतिमेत वेगळी असते, म्हणून जुन्या चित्रपटात आकाश किंवा भिंतदेखील बारीक वाळूसारखी सळसळत असते. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राला ही सळसळ परवडत नाही. फोर-के, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपक्यांचे, चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ६०० कोटी बिट लागतील. प्रत्यक्षात साधारण दोन कोटींत काम भागवले जाते. ही काटकसर ‘मागच्या प्रतिमेत होते तेच पुन्हा आहे, फक्त इतके सरकले आहे’ असे सांगून साधते, आणि वाळूचा कण कधीच मागच्या जागी नसतो. मग कण पुसले जातात आणि त्यांच्याबरोबर त्वचेचा पोतही जातो. एव्ही-१ या चित्र आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीत यावर मजेशीर तोड आहे: कण आधी काढून टाकायचे, ते कसे होते याचे मोजके वर्णन सोबत पाठवायचे आणि घरच्या यंत्राने त्यावरून नवे कण पेरायचे.

काळोखे प्रसंग या काटकसरीचे हमखास बळी ठरतात. रात्रीचे दृश्य थांबवून मी एकदा पडद्याला नाक लावून पाहिले. नायिकेच्या मागची काळी भिंत भिंत नव्हतीच; राखाडीच्या चार-पाच छटांचे चौकोनी ठिगळ होते आणि त्यांच्या कडा जिन्यासारख्या कातरलेल्या होत्या. खोलीतला दिवा लावल्यावर हे ठिगळ नाहीसे झाले, मात्र काळोखातले उरलेसुरले तपशीलही त्याबरोबर बुडाले.

जुने म्हणजे अस्पष्ट, हा समजही इथे टिकत नाही. १९५०च्या दशकातली ३५ मिलीमीटरची मूळ निगेटिव्ह जपलेली असेल तर ती नव्याने स्कॅन करून फोर-केला शोभेल असे चित्र मिळू शकते. उलट १९९०च्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत तेवढा तपशील कधी नोंदलाच गेला नव्हता, त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी मऊच दिसते.

राहिला आवाज. नवा चित्रपट घरी पाहताना संवादासाठी आवाज वाढवायचा आणि पुढच्याच स्फोटाला घाईघाईने कमी करायचा, ही कसरत बहुतेक घरांत चालते. नव्या चित्रपटाचे ध्वनिमिश्रण मोठ्या, शांत सभागृहासाठी केलेले असते. तिथे कुजबुज आणि गडगडाट यांच्यात प्रचंड अंतर ठेवता येते आणि संवादांना पडद्यामागचा मधला ध्वनिवर्धक स्वतंत्र मिळतो. घरी तेच सहा मार्गांचे ध्वनी दोन मार्गांत कोंबले जातात आणि टीव्हीच्या खाली किंवा मागे तोंड केलेल्या दोन चिमुकल्या स्पीकरांतून बाहेर पडतात. रात्रीसाठी दिलेली ध्वनीची सोय लावली की कुजबुज वर येते आणि गडगडाट खाली जातो. जुन्या बोलपटाला तिची गरज पडत नाही. फिल्मच्या कडेवरच्या त्या अरुंद ध्वनिपट्टीत फार हळू आवाज खरखरीत हरवे आणि फार मोठा फाटे, म्हणून नटांना शब्द स्वच्छ, मोकळ्या गळ्याने आणि जवळपास एकाच पातळीवर बोलावे लागत. ते शब्द आज शेजारची खोली झोपलेली असतानाही अगदी कमी आवाजात नीट कळतात.