मॉर्मन पुरुष आजही अनेक बायका करतात का?

‘अमेरिकेतल्या यूटा राज्यात मॉर्मन पुरुषाला आजही चार-चार बायका असतात’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. हा मजकूर पटतो, कारण एकोणिसाव्या शतकात तिथे बहुपत्नीत्व खरोखर होतं. पण मुख्य मॉर्मन चर्चने १८९० साली जाहीरनामा काढून अशी लग्नं न करण्याचा सल्ला दिला. १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा राज्यघटनेतच बहुपत्नीत्वावर कायमची बंदी आली. १९०४ नंतर तर असं लग्न करणाऱ्याला चर्चमधून बाहेर काढू लागले. आज ही प्रथा पाळतात ते फुटून निघालेले छोटे पंथ. टीव्हीवर बहुतेकदा तेच दिसतात, आणि गल्लत तिथेच होते.

पडताळायचं असेल तर १८९०चा जाहीरनामा ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या त्यांच्या धर्मग्रंथाच्या शेवटी छापलेला आहे, नेटवर फुकट वाचता येतो.

मला मात्र दुसरी वाट जास्त आवडते. २००० नंतर मॉर्मन मंडळींनीच स्वतःवर काढलेले विनोदी चित्रपट बघा. त्यात एकच बायको मिळवताना मेटाकुटीला आलेला तरुण भेटतो. चर्चच्या हॉलमधलं सामुदायिक जेवण दिसतं: हिरवी जेली, आणि वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा पसरलेला चीज-बटाट्याचा ट्रे. छोट्या गावात बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या शेजाऱ्यांशी जुळवून घेताना होणारी ओढाताण दिसते. चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य असलेल्या घरात पाहुण्यापुढे काय ठेवायचं, हासुद्धा तिथे खरा प्रश्न असतो.