सशस्त्र वैमानिक योजना (अमेरिका)

विमानाच्या कॉकपिटचे रक्षण करण्यासाठी वैमानिकालाच पिस्तूल बाळगण्याचा अधिकार देणारी अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना. तीत भाग घेणे पूर्णतः ऐच्छिक आहे. निवड, प्रशिक्षण व शपथविधी या टप्प्यांतून गेलेल्या वैमानिकाला ‘फेडरल फ्लाइट डेक ऑफिसर’ म्हणतात. योजनेचा कायदा २५ नोव्हेंबर २००२ रोजी अंतर्गत सुरक्षा कायद्याचा एक भाग म्हणून अमलात आला व अंमलबजावणी वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे आली.

पूर्वपीठिका : वैमानिकांनी शस्त्र बाळगण्याची प्रथा अमेरिकेत नेमकी कधी सुरू झाली, याबाबत मतभेद आहेत. विमानातून टपाल नेले जाई त्या काळात टपाल खात्याच्या नियमानुसार वैमानिकाला पिस्तूल ठेवावे लागे, असे योजनेचे समर्थक सांगतात. हा नियम सर्व मार्गांवर सक्तीचा होता, की टपालाच्या रक्षणासाठी दिलेली ती मुभा होती, याबद्दल एकवाक्यता नाही. उपलब्ध वर्णने पाहता प्रथा सार्वत्रिक नसावी असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र १९५० च्या दशकात काही वैमानिकांजवळ पिस्तूल असे, हे निश्चित आहे. जुलै १९५४ मध्ये क्लीव्हलंड विमानतळावर उभ्या असलेल्या डीसी–६ विमानात एक पंधरा वर्षांचा मुलगा बंदूक घेऊन कॉकपिटमध्ये शिरला. कॅप्टनने आपल्या बॅगेतले पिस्तूल काढून त्याच्यावर गोळी झाडली; मुलगा दगावला. त्याची बंदूक चालण्याच्या स्थितीत नव्हती, असे मागाहून उघड झाले. पुढील सर्व चर्चेत या प्रसंगाचा उल्लेख व्हायला हवा होता. तो फारसा होत नाही.

१९६१ मधील अपहरणांनंतर, कंपनीची संमती व मान्यताप्राप्त प्रशिक्षण असल्यास वैमानिकाला शस्त्र बाळगू देणारी तरतूद विमान वाहतूक नियमांत आली. ती २००१ च्या जुलैमध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांत वगळली गेली. सुधारित नियम नोव्हेंबर २००१ पासून लागू झाले. ‘हल्ल्याच्या तोंडावर वैमानिक निःशस्त्र केले गेले’ हा आरोप यातूनच निघाला. परंतु त्या तरतुदीचा प्रत्यक्ष वापर जवळजवळ थांबलेला होता असे दिसते. त्यामुळे तिच्या जाण्याने ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्याच्या घटनाक्रमात फरक पडला, हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.

कायदा : हल्ल्यानंतर वैमानिक संघटनांनी शस्त्रांची मागणी लावून धरली. परिवहन मंत्री नॉर्मन मिनेटा यांचा तिला विरोध होता. मे २००२ मध्ये वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे प्रमुख जॉन मॅगॉ यांनी सिनेटच्या समितीपुढे स्पष्ट नकार दिला. वैमानिकाने विमान सांभाळावे; सुरक्षेसाठी कॉकपिटचे दार मजबूत करावे व मार्शल (विमानातील सशस्त्र रक्षक) वाढवावेत, असा विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद होता. प्रतिनिधीगृहातील मूळ विधेयकात सुमारे दोन टक्के वैमानिकांपुरती प्रायोगिक मर्यादा होती. चर्चेत ती उडाली आणि १० जुलै २००२ रोजी विधेयक ३१० विरुद्ध ११३ मतांनी संमत झाले. सप्टेंबरमध्ये सिनेटने सिनेटर बार्बरा बॉक्सर व बॉब स्मिथ यांची याच आशयाची दुरुस्ती ८७ विरुद्ध ६ मतांनी स्वीकारली. दोघे परस्परविरोधी पक्षांचे होते, हे लक्षणीय. मालवाहू विमानांचे वैमानिक व फ्लाइट इंजिनिअर (उड्डाणात विमानातील यंत्रणांवर लक्ष ठेवणारे कर्मचारी) यांचा समावेश डिसेंबर २००३ च्या कायद्याने झाला.

निवड : योजनेचा खरा कस येथे लागतो. उमेदवार अमेरिकी विमान कंपनीच्या नोकरीत असावा, त्याचा परवाना व वैद्यकीय प्रमाणपत्र चालू असावे, ही पहिली अट. माजी सैनिक व माजी पोलिसांना प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. अर्जानंतर पूर्वचरित्राची तपासणी होते. मग संगणकावर मानसशास्त्रीय चाचणी आणि त्यानंतर मानसतज्ज्ञाची मुलाखत.

या मानसिक चाचणीवरच सर्वाधिक वाद झाला. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती रोज सोपवतो, त्याच्या मनाची पुन्हा तपासणी कशाला, असा वैमानिकांचा सवाल होता. चाचणीतील प्रतिकूल शेरा परवाना देणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचला तर पिस्तूल तर सोडाच, नोकरीही जाईल, ही धास्ती त्यामागे होती. ती निराधार म्हणता येणार नाही. तरीही चाचणीच्या बाजूचे कारण अधिक वजनदार आहे. ७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून निघालेल्या फेडएक्सच्या ७०५ क्रमांकाच्या विमानात हातोड्यांनी हल्ला करणारा बाहेरचा कोणी नव्हता. शिस्तभंगाच्या चौकशीला सामोरा जाणारा त्याच कंपनीचा फ्लाइट इंजिनिअर होता. मालवाहू वैमानिकांना शस्त्र द्यावे यासाठी हे उदाहरण दिले जाते. पण शस्त्र कोणाला देऊ नये, हेही तेच दाखवते. शिवाय विमान चालवण्यास लागणारा शांतपणा आणि हातभर अंतरावरच्या माणसावर गोळी झाडण्याची मनाची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असलेल्यात दुसरी असेलच असे नाही.

प्रशिक्षण : पहिली तुकडी एप्रिल २००३ मध्ये जॉर्जिया राज्यातील ग्लिंको येथे तयार झाली, तीत ४४ वैमानिकांनी शपथ घेतली. त्याच वर्षी केंद्र न्यू मेक्सिकोतील आर्टेसिया येथे हलले. सुमारे आठवडाभराच्या अभ्यासक्रमात नेमबाजी, झटापट आणि बळाच्या वापराचा कायदा शिकवतात. अडचण जागेची असते. वैमानिक पट्ट्याने आसनाला बांधलेला, तोंड पुढे आणि दार पाठीशी. डावीकडे बसलेल्या कॅप्टनला उजव्या खांद्यावरून, तर सहवैमानिकाला डाव्या खांद्यावरून मागे वळावे लागते, आणि एक जण झुंजत असताना दुसऱ्याला विमान सावरायचे असते. म्हणून सराव कॉकपिटच्या प्रतिकृतीत होतो. पात्रता वर्षातून दोनदा पुन्हा सिद्ध करावी लागते. सेवेचे मानधन मिळत नाही. वैमानिकाला या कामाचा मोबदला देण्याचे बंधन सरकारवर नाही आणि कंपनीवरही नाही. उलट, योजनेत जाण्यापासून कंपनीला वैमानिकाला रोखता येत नाही.

अधिकारक्षेत्र कॉकपिटपुरतेच असते. केबिनमध्ये काहीही घडले तरी पिस्तूल घेऊन बाहेर जायचे नाही. सशस्त्र वैमानिकांची संख्या व नावे गोपनीय असतात.

१५३६ क्रमांकाचे उड्डाण : २२ मार्च २००८ रोजी डेन्व्हरहून शार्लटला जाणाऱ्या यूएस एअरवेजच्या एअरबस ए–३१९ मध्ये, विमान उतरण्याच्या तयारीत असताना वैमानिकाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली. ती विमानाच्या भिंतीतून आरपार गेली. कोणी जखमी झाले नाही व विमान सुखरूप उतरले. तेव्हाच्या होल्स्टरला (पिस्तूल ठेवण्याच्या म्यानाला) कुलूप लावण्याची सोय होती आणि कुलपाची कडी ट्रिगरच्या कड्यातूनच जाई. पिस्तूल नीट बसले नसेल तर कुलूप लावतानाच ट्रिगर दाबला जाऊ शकतो, हे संघटनांनी दाखवून दिले. दोष एका माणसापेक्षा रचनेचा होता, हे मत पटण्याजोगे आहे.

इतर : केबिन कर्मचाऱ्यांना शस्त्र दिले जात नाही, त्यांच्यासाठी स्वसंरक्षणाचे ऐच्छिक प्रशिक्षण आहे. २०१३ च्या अंदाजपत्रकात योजनेचा निधी सुमारे निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव होता. एप्रिल २००३ पासून दारे बळकट झाली आहेत, हे त्यामागचे एक कारण. योजना मात्र चालू राहिली. भारताने १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर वेगळा मार्ग धरला : तेथे वैमानिक निःशस्त्र असतो आणि निवडक उड्डाणांवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे मार्शल साध्या वेशात असतात.