माशांच्या पिलांतील रक्तवाहिन्यांची घडण

अंड्यात गर्भ आकार घेऊ लागल्यापासून पिलाचे कल्ले पुरते कामाला लागेपर्यंत माशाच्या शरीरात रक्तवाहिन्यांचे जाळे टप्प्याटप्प्याने उभे राहण्याची प्रक्रिया. मुख्य वाहिन्यांचा आराखडा बहुतेक अस्थिमत्स्यांत, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत, सारखाच असतो. फरक पडतो तो वेळापत्रकात, आणि ते बऱ्याच अंशी अंड्यातल्या शिदोरीवर व पिलू कुठून श्वास घेते यावर ठरते. कोकण किनाऱ्यावरचे जिताडा, शिंगाळा, मुशी आणि निवटी हे रोजच्या ओळखीचे मासे या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

मूळ आराखडा : या विषयातले बहुतेक ज्ञान झेब्रा माशावरून आले आहे. दीड-दोन इंचांचा हा गोड्या पाण्यातला मासा दक्षिण आशियातला. त्याचा गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही रक्तपेशी धावताना दिसतात. २००१ मध्ये त्याच्या वाहिन्यांचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध झाला. पाठोपाठ २००२ मध्ये रक्तवाहिन्यांचे अस्तर हिरवे चमकणारा जनुकीय वाण आला आणि वाहिनी वाढताना जिवंतपणी पाहता येऊ लागली.

गर्भाच्या दोन्ही बाजूंच्या मध्यस्तरातून (पेशींच्या मधल्या थरातून) निघालेल्या पूर्वपेशी पृष्ठरज्जूच्या, म्हणजे गर्भाच्या पाठीतल्या आधाराच्या दांडीच्या, खाली मध्यरेषेवर जमतात आणि जागच्या जागी त्यांची नळी बनते. वर महाधमनी, तिला लागून खाली मुख्य शिरा. आधीची कुठलीही वाहिनी नसताना होणारी ही घडण. यानंतरच्या बहुतेक वाहिन्या मात्र असलेल्या वाहिनीला फुटवे येऊन होतात. फलनानंतर सुमारे २० ते २२ तासांनी महाधमनीतून, दर दोन स्नायुखंडांमधल्या फटीत, एकेक फुटवा पाठीकडे चढू लागतो. त्याच्या टोकाची पेशी बारीक तंतू पुढे टाकते, चाचपते, मग सरकते. पोफळीवर चढणाऱ्या मिरवेलीसारखी तिची चाल असते. वाढीचा रासायनिक संदेश सगळ्याच पेशींना पोचतो, पण पुढे निघालेली पेशी शेजारणींना रोखून धरते, म्हणून एका फुटव्याला शेंडे बेताचेच राहतात. पाठीशी पोचलेले फुटवे एकमेकांना जोडले जाऊन तिथे एक लांब आडवी वाहिनी तयार होते. दीड दिवसाच्या सुमारास शिरेतून फुटव्यांची दुसरी खेप निघते. त्यातले काही पहिल्या फुटव्यांना मिळून त्यांच्या शिरा बनवतात, उरलेल्यांपासून लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतींतला पाझरलेला द्रव परत नेणाऱ्या नळ्या, होतात.

हृदय २४ तासांच्या आसपास धडधडू लागते. तेव्हा ते केवळ एक सरळ नळी असते. कप्पे नंतर पडतात.

हे पहिले रक्ताभिसरण प्राणवायू पोचवण्यासाठीच असते, असे पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिलेले आढळते. ते घाईचे आहे. ज्या झेब्रा पिलांचे हृदय जन्मतः धडधडतच नाही, तीसुद्धा जवळपास आठवडाभर जगतात, कारण एवढ्याशा शरीरात प्राणवायू कातडीतून थेट झिरपतो. मग हृदयाला इतकी घाई का? एक कारण असे, की वाहते रक्त वाहिन्यांच्या भिंतीवर जो ताण देते त्यानेच त्यांची रुंदी आणि जोडण्या पक्क्या होतात. शिवाय याच प्रवाहाच्या साथीने महाधमनीच्या तळच्या भिंतीतल्या काही पेशी सुटून रक्ताच्या मूलपेशी बनतात. हे २०१० मध्ये जिवंत पिलांत प्रत्यक्ष पाहिले गेले.

कल्ल्यांकडे वळण : हृदयातून निघालेले रक्त घशाच्या बाजूच्या कमानींतून महाधमनीत जाते. अशा कमानींच्या सहा जोड्या बनतात आणि शेवटच्या चार कल्ल्यांना मिळतात. सुरुवातीला रक्त कमानीतून सरळ पार होते. कल्ल्यांचे तंतू वाढतात तशी त्यांत केशवाहिन्यांची वळणे पडतात. गंमत म्हणजे कल्ल्यांचे पहिले काम श्वासाचे नसते. झेब्रा पिलाला शरीरातल्या क्षारांचा समतोल राखण्यासाठी साधारण सातव्या दिवसापासून कल्ल्यांची गरज लागते, प्राणवायूसाठी चौदाव्या दिवसाच्या सुमारास. आषाढाच्या एका जोरदार सरीने ज्या खाडीचे पाणी गोडे होते, तिथल्या पिलांच्या बाबतीत क्षारांचा हा हिशोब अधिकच महत्त्वाचा ठरतो.

कोकणातील मासे : जिताड्याचे अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे. ते १५ ते १८ तासांत फुटते. म्हणजे झेब्रा गर्भाचे हृदय ज्या वयात सुरूही झालेले नसते, त्या वयात जिताड्याचे दीड मिलिमीटरचे पिलू पाण्यात तरंगत असते. त्याला तोंड फुटलेले नसते. अशा इवल्या सागरी पिलांच्या रक्तात आरंभी तांबड्या पेशी नसतात, रक्त रंगहीन असते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात पावसाळ्यात खाडीतून आणून घरच्या तळ्यात सोडले जाणारे जिताड्याचे बीज तोवर हा सगळा टप्पा ओलांडून आलेले असते. त्याचे कल्ले लालभडक दिसतात.

शिंगाळ्याची तऱ्हा उलटी. त्याची अंडी सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी, आणि नर ती तोंडात धरून उबवतो. त्या काळात तो जवळजवळ उपाशीच असतो. जाळ्यातल्या शिंगाळ्याच्या तोंडातून कधी कधी पिवळ्या गोट्या घरंगळतात. त्यांतली एखादी निरखून पाहावी: बलकावर तांबड्या रेषांचे जाळे पसरलेले असते आणि वर इवलासा गर्भ चिकटलेला असतो. एवढ्या मोठ्या गर्भाला झिरपणारा प्राणवायू पुरत नाही. बलकावरचे हे जाळे अन्नही उचलते आणि श्वासही घेते.

मुशी हा अस्थिमत्स्य नव्हे, कूर्चामीन, म्हणजे हाडांऐवजी लवचीक कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. तरी तिला वगळून चालणार नाही. कोकणातल्या बाजारात नेहमी येणारी लहान मुशी, स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, पिले घालते. तिचे अंडे सुमारे एक मिलिमीटरचे, शार्कांमधल्या सर्वांत लहान अंड्यांपैकी. बलक जवळजवळ नसल्याने गर्भ फार लवकर मातेच्या गर्भाशयाला जोडला जातो आणि बलकाच्या पिशवीपासूनच वार तयार होते. गाभण मुशी कापताना पिलांच्या नाळा सहज दिसतात. त्यांवर झालरीसारखे धागे असतात आणि आतून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात.

निवटी मोठेपणीही कातडीतून श्वास घेणे सोडत नाही. इतर माशांत कातडीचा श्वास कल्ल्यांपुढे मागे पडतो. चिखलात राहणाऱ्या या माशाच्या डोक्या-पाठीवर मात्र केशवाहिन्या त्वचेच्या अगदी वरच्या थरापर्यंत येतात. कातडी ओली राहिली की हवेतला प्राणवायू तिथून रक्तात उतरतो. ओहोटीच्या चिखलात ती सारखी लोळण घेते, त्याचा एक उपयोग हाच.

निरीक्षणासाठी कोकणाला झेब्रा माशावाचून अडण्याचे कारण नाही. चं. वि. कुळकर्णी यांनी १९४० मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतातून वर्णिलेला होराइक्थिस सेटनाय हा मासा पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांत आणि मुखाजवळच्या गोड्या पाण्यात आढळतो. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, अंग जवळजवळ पारदर्शक. आता त्याला ओरिझिआस या प्रजातीत धरतात, म्हणजे प्रयोगशाळांत झेब्रा माशाच्या खालोखाल वापरला जाणारा जपानी मेडाका त्याचा जवळचा नातलग. या माशात फलन मादीच्या शरीराबाहेर होत नाही: नर शुक्रपेशींची पुडी तिला चिकटवतो आणि मादी फलित अंडी घालते. त्यामुळे गर्भाचे वय नेमके मोजणे झेब्रा माशाइतके सोपे नाही. अंड्यांना चिकट तंतू असतात आणि ती पाणवनस्पतींना लटकून राहतात.