परवचा
परवचा : तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागल्यावर मुलांकडून स्तोत्रे, श्लोक आणि पाढे मोठ्याने म्हणवून घेण्याची महाराष्ट्रातील हिंदू घरांतली पद्धत. मुलांना वळण लावण्याचे हे घरगुती साधन होते. त्यासाठी वेगळा नीतिपाठ सहसा घेतला जात नसे.

खेळून आलेल्या मुलांनी हातपाय धुऊन, मांडी घालून बसायचे. ‘शुभं करोति कल्याणम्’ आणि ‘दिव्या दिव्या दीपत्कार’ झाले की रामरक्षा, भीमरूपी, मनाचे श्लोक. त्याच बैठकीत पाढे. तेही पावकी, निमकी, पाऊणकीपासून थेट औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत. मग तिथी, मराठी महिने, 27 नक्षत्रे. एखादे आजोबा हौशी असले तर 60 संवत्सरेही. शेवटी थोरांच्या पाया पडायचे आणि मग पानावर. तिथेही ‘वदनि कवळ घेता’ म्हटल्याशिवाय घास उचलायचा नाही, पानात टाकायचे नाही.

नीतीचा थेट उपदेश मुख्यतः मनाच्या श्लोकांत येतो. समर्थ रामदासांचे (1608–1682) हे 205 श्लोक भुजंगप्रयात वृत्तात असल्याने लहान मुलांच्याही तोंडी पटकन बसतात. ‘नको रे मना क्रोध हा खेदकारी’ ही तंबी मनाला आहे, मुलाला नाही. त्यामुळे नुकतेच भावंडाशी भांडून आलेले पोर स्वतःच्याच तोंडाने स्वतःला दटावते, आणि वडीलधाऱ्यांना काही बोलावे लागत नाही. अर्थ बहुधा कोणी सांगत नसे; तो वयाबरोबर कळेल, असा भरवसा असे. तो प्रत्येक वेळी खरा ठरलाच असे नाही. पुष्कळांचे पाठांतर नुसती घोकंपट्टीच राहिले.

हा क्रम मुख्यतः लिहित्यावाचत्या, पांढरपेशा घरांतला. वारकरी घरांत हरिपाठ आणि कीर्तन हेच काम करीत. जात्यावरच्या ओव्यांतून सासर-माहेर, माया, कष्ट मुलांच्या कानांवर पडत. मुलींच्या बाबतीत मात्र ‘संस्कार’ या नावाखाली सोशिकपणा आणि घरकामच अधिक शिकवले गेले, हे नोंदवायला हवे.

विभक्त कुटुंबे, संध्याकाळच्या शिकवण्या आणि दूरचित्रवाणी यांमुळे परवचा मागे पडला. त्यातले श्लोक आता बालसंस्कार वर्गांत, सुटीतल्या शिबिरांत आणि पाठांतर स्पर्धांत शिकवले जातात. पावकी-औटकी मात्र दशमान नाणी आणि मेट्रिक मापे रुळल्यावर व्यवहारातूनच गेली.